३१ महिने नेमके कोठून मोजायचे?

आपल्या प्रश्नात तीन-चार धागे एकमेकांत गुंतले आहेत, म्हणून आधी तो माझ्या शब्दांत मांडतो. काही चुकले असल्यास दुरुस्त करावे. आपले नाशिकच्या अंबड औद्योगिक वसाहतीत शेती अवजारांचे छोटे वर्कशॉप आहे. कांदा चाळीत खालून हवा खेळवणाऱ्या यंत्रणेच्या पेटंटसाठी प्रोव्हिजनल, म्हणजे प्राथमिक, अर्ज आपण १८ जानेवारी २०२४ रोजी केला आणि कंप्लीट स्पेसिफिकेशन, म्हणजे शोधाचे दाव्यांसह संपूर्ण वर्णन, १६ जानेवारी २०२५ रोजी दिले. द्राक्षबागेच्या ट्रॅक्टर ब्लोअरसाठी केलेल्या नोझलचा प्रोव्हिजनल अर्ज ९ ऑगस्ट २०२४ चा आणि कंप्लीट ७ ऑगस्ट २०२५ चे आहे. पेटंट कार्यालयाने अर्ज तपासावा यासाठीची विनंती, म्हणजे फॉर्म १८, भरायला ४८ महिने मिळतात असे एका परिचिताने सांगितले, तर दुसऱ्याने ३१ महिने सांगितले. आपण स्वतः ३१ धरून दोन्ही अर्जांची मुदत कंप्लीटच्या तारखेपासून मोजली. वडिलांच्या नावे नोव्हेंबर २०२२ मध्ये मंजूर झालेल्या जुन्या पेटंटचा फॉर्म २७ (पेटंटच्या वापराचे निवेदन) एकदाही भरला गेलेला नाही, त्यामुळे मोठा दंड बसेल अशी धास्ती आहे. आणि कांदा प्रतवारीचे नवे यंत्र प्रदर्शनात मांडायचे आहे, कारण ‘आता प्रदर्शनाला वर्षभराची सूट मिळाली’ असे आपण ऐकले आहे.

पेटंट नियमांमधील सुधारणा १५ मार्च २०२४ पासून लागू झाल्या. तेव्हापासून पेटंटच्या सल्ल्यासाठी माझ्याकडे येणारा जवळजवळ प्रत्येक जण ‘आता मुदत किती?’ एवढेच विचारतो. मुदत किती हे सांगणे सोपे आहे. ती कोणत्या अर्जाला लागू आहे, कोणत्या तारखेपासून धावते आणि ती मूळ पेटंट अधिनियमात आहे की केवळ नियमांत, हे तीन प्रश्न मात्र सहसा कोणी विचारत नाही, आणि नुकसान होते ते तिथेच. आपल्या बाबतीत दोन्ही परिचितांचे म्हणणे अर्धे-अर्धे बरोबर आहे; आपली मोजणी मात्र दोन्ही अर्जांत चुकली आहे.

नियम २४ब नुसार तपासणीची विनंती पूर्वी ४८ महिन्यांत करता येत असे. सुधारणेनंतर ती ३१ महिन्यांत करावी लागते. पण १५ मार्च २०२४ पूर्वी दाखल झालेल्या अर्जांना जुनेच ४८ महिने ठेवले आहेत. आपला कांदा चाळीचा अर्ज जानेवारी २०२४ चा असल्याने त्याला ४८ महिने मिळतात आणि नोझलचा अर्ज ऑगस्ट २०२४ चा असल्याने त्याला ३१. कंप्लीट स्पेसिफिकेशन सुधारणेनंतर दिले म्हणून कांदा चाळीचा अर्ज नव्या नियमाखाली जात नाही, कारण कंप्लीट हा वेगळा अर्ज नसून आधीच्याच अर्जाला जोडलेला दस्तऐवज आहे. अर्जाचा क्रमांक तोच राहतो आणि दिनांकही तोच.

आता मुदत कोठून धावते ते पाहू. नियमाचे शब्द असे आहेत की मुदत प्रायॉरिटी डेट (शोध ज्या अर्जात पहिल्यांदा मांडला त्याची तारीख) किंवा अर्जाची तारीख यांपैकी जी आधीची असेल तिच्यापासून मोजायची. प्रोव्हिजनलने सुरुवात केलेल्या भारतीय अर्जात ही तारीख प्रोव्हिजनलची असते. त्यामुळे नोझलची अंतिम तारीख ९ मार्च २०२७ येते. आपण कंप्लीटपासून मोजल्यामुळे आपल्या वहीत ती ७ मार्च २०२८ अशी लिहिली गेली आहे, म्हणजे जवळजवळ एक वर्ष उशिराची. त्या भरवशावर राहिला असता तर कलम ११ब खाली अर्ज मागे घेतल्याचे मानले गेले असते, आणि तोवर अर्ज प्रसिद्ध झालेला असल्याने तेच नोझल पुन्हा नव्याने दाखल करण्याची वाटही बंद झाली असती. कांदा चाळीच्या अर्जाची अंतिम तारीख १८ जानेवारी २०२८ आहे. या दोन तारखा आज वहीत खोडून पुन्हा लिहाव्यात.

सतरा महिने कमी झाले म्हणजे व्यवहारात काय झाले, हे आपल्याच धंद्याच्या हंगामांवर मोजून पाहण्यासारखे आहे. उन्हाळ कांदा एप्रिल-मेमध्ये चाळीत जातो आणि सप्टेंबर-ऑक्टोबरपर्यंत बाहेर पडतो. चाळीतली यंत्रणा खरोखर चालते की नाही, कांद्याची सड किती थांबते, कोंब किती येतात, वजन किती घटते, हे कळायला तो सगळा काळ जावा लागतो. प्रयोगशाळेत पंधरा दिवसांत ते उरकत नाही. आपण जानेवारी २०२४ मध्ये प्रोव्हिजनल केले, त्यामुळे कंप्लीट देण्यापूर्वी २०२४ चा पूर्ण हंगाम हाती आला. त्यानंतर तपासणीसाठी पैसे घालायचे की नाही हे ठरवायला २०२५, २०२६ आणि २०२७ असे आणखी तीन हंगाम मिळतात. हाच अर्ज नव्या नियमाखाली असता तर ऑगस्ट २०२६ मध्येच, म्हणजे २०२६ चा कांदा अजून चाळीत असतानाच, निर्णय घ्यावा लागला असता.

नोझलचे गणित वेगळे आहे. द्राक्षबागेत गोडी छाटणीपासून, म्हणजे साधारण ऑक्टोबरपासून, मार्चमधल्या काढणीपर्यंत फवारणीचा खरा मोसम चालतो. ऑगस्टमध्ये प्रोव्हिजनल केल्याने २०२४-२५ चा मोसम कंप्लीटपूर्वी मिळाला आणि त्यानंतर २०२५-२६ व २०२६-२७ असे दोन मोसम मिळतील. जुन्या नियमात २०२७-२८ चा आणखी एक मिळाला असता. आपल्यासारख्या उद्योजकाचे या सुधारणेने गेले ते एवढेच, एक मोसम. ज्याचे यंत्र वर्षभर कुठेही तपासता येते त्याला हा बदल फारसा जाणवत नाही. शेतीच्या यंत्राला तो जाणवतो, कारण आपली प्रयोगशाळा वर्षातून एकदाच उघडते.

म्हणूनच हंगामी यंत्रांच्या बाबतीत प्रोव्हिजनलची तारीख निवडण्यावर मी आता अधिक वेळ घालवतो. कांद्याशी संबंधित यंत्र असेल तर प्रोव्हिजनल फेब्रुवारी-मार्चमध्ये करावे असे सांगतो, म्हणजे बारा महिन्यांच्या आत साठवणुकीचा एक अखंड हंगाम बसतो आणि त्याची आकडेवारी कंप्लीटमध्ये घालता येते. जूनमध्ये प्रोव्हिजनल केलेल्या एका गृहस्थांना हंगामाची शेपटी आणि पुढच्या हंगामाचे तोंड, एवढेच मिळाले. पूर्ण हंगामाची एकही नोंद त्यांच्या कंप्लीटमध्ये आली नाही. कंप्लीट दिल्यानंतर स्पेसिफिकेशनमध्ये नवा मजकूर घुसवता येत नाही. कलम ५९ केवळ दावा, म्हणजे संरक्षण मागितलेली व्याप्ती, आकसणे, चूक सुधारणे किंवा खुलासा करणे एवढीच मुभा देते. पुढच्या हंगामात यंत्रात सुधारणा सुचली तर तिच्यासाठी ‘पेटंट ऑफ ॲडिशन’ (मूळ पेटंटला जोडलेले सुधारणेचे पेटंट) किंवा स्वतंत्र अर्ज हाच मार्ग उरतो. ॲडिशनला वेगळी नूतनीकरण फी पडत नाही, एवढी त्यात सोय आहे.

या बारा महिन्यांबद्दल एक गोष्ट विशेष लक्षात ठेवावी, कारण सुधारणेनंतर सर्वाधिक गैरसमज इथेच झाला आहे. नव्या नियम १३८ मुळे कंट्रोलरला, म्हणजे पेटंट कार्यालयातील निर्णय घेणाऱ्या अधिकाऱ्याला, नियमांतील मुदती सहा महिन्यांपर्यंत वाढवण्याचा किंवा विलंब माफ करण्याचा व्यापक अधिकार मिळाला. पूर्वी हा अधिकार एका महिन्यापुरता होता आणि त्यालाही अनेक अपवाद होते. हे वाचून काही जणांनी ‘आता सगळ्याच मुदती सहा महिन्यांनी लांबतात’ असा अर्थ काढला. प्रोव्हिजनलनंतर बारा महिन्यांत कंप्लीट देण्याची अट मात्र नियमांत नाही. ती अधिनियमाच्या कलम ९ मध्ये आहे, आणि नियमाने दिलेला अधिकार अधिनियमातील मुदतीला हात लावू शकत नाही. ती चुकली की अर्ज सोडून दिल्याचे मानले जाते. तपासणीच्या विनंतीची गोष्ट निराळी आहे: अधिनियम फक्त ‘विहित मुदतीत’ एवढेच म्हणतो आणि ती मुदत नियम विहित करतात. नियमांत झालेल्या सुधारणेने ४८ चे ३१ होऊ शकले ते त्याचमुळे.

नियम १३८ खालच्या मुदतवाढीची फी व्यक्ती, स्टार्टअप किंवा लघु उद्योगाला दरमहा १०,००० रुपये आणि मोठ्या कंपनीला ५०,००० रुपये आहे. साध्या फॉर्म १८ ची फी आपल्यासाठी ४,००० रुपये आहे. म्हणजे ९ मार्चची तारीख हुकवून एप्रिलमध्ये जाग आली तर मूळ कामाच्या अडीच पट रक्कम केवळ उशिरापोटी जाते, आणि मुदतवाढ देणे हे कंट्रोलरच्या विवेकावर राहते ते वेगळेच. ही तरतूद अपघातासाठी आहे असे समजून चालावे. वेळापत्रक आखताना मी ती हिशेबात धरत नाही.

तपासणीची विनंती शेवटच्या दिवसापर्यंत थांबवावी की लवकर करावी, हे मात्र परिस्थितीवर अवलंबून आहे आणि आपण दिलेल्या माहितीवरून मला त्याचे पूर्ण उत्तर देता येणार नाही. मी अशा वेळी तीन गोष्टी विचारतो. पहिली, बाजारात कोणी नक्कल करू लागला आहे का? अर्ज साधारणपणे १८ महिन्यांनी प्रसिद्ध होतो आणि प्रसिद्धीच्या तारखेपासून अर्जदाराला पेटंटधारकासारखे हक्क मिळतात, पण पेटंट मंजूर होईपर्यंत नक्कल करणाऱ्यावर न्यायालयात दावा दाखल करता येत नाही. समजा, निफाड किंवा सिन्नरच्या बाजूला कोणी आपल्यासारखीच हवा-नळी बनवून विकू लागला, तर १८ जानेवारी २०२८ ची वाट पाहत बसणे म्हणजे त्याला तेवढी वर्षे मोकळे रान देणे होय. अशा वेळी फॉर्म १८अ भरून शीघ्र तपासणी मागावी. आपल्यासाठी तिची फी ८,००० रुपये आहे. लघु उद्योग, स्टार्टअप आणि महिला अर्जदार यांना ही सोय आहे. अर्ज अजून प्रसिद्ध झालेला नसेल तर सोबत लवकर प्रसिद्धीचा फॉर्म ९ द्यावा लागतो.

दुसरी गोष्ट, आपण यंत्र स्वतः विकणार की परवाना देऊन दुसऱ्याकडून बनवून घेणार? परवाना घेणारा सहसा आधी पहिला तपासणी अहवाल मागतो. ज्याला आम्ही सगळे एफईआर म्हणतो, तोच हा अहवाल. कंट्रोलरने कोणते जुने पेटंट समोर ठेवले, कोणत्या दाव्यावर हरकत घेतली, हे पाहिल्याशिवाय तो आकडा बोलत नाही. तिसरी गोष्ट, उत्पादन टिकणार आहे का? पेटंटची वीस वर्षे मंजुरीपासून मोजत नाहीत, अर्जाच्या तारखेपासून मोजतात. कांदा चाळीच्या पेटंटची वीस वर्षे जानेवारी २०२४ पासूनच चालू झाली आहेत. जितका उशीर कराल तितके मंजूर पेटंटचे आयुष्य आखूड होते. उलट पक्षी, यंत्र दोन हंगामांत मागे पडणार असेल तर तपासणीवर खर्च न करता अर्ज सोडून देणे हाही शहाणपणाचा निर्णय असू शकतो. आमच्या व्यवसायात तो सल्ला देणारे कमी असतात, याची कारणे आपण समजू शकता.

माझे मत विचाराल तर कांदा चाळीच्या अर्जाला ४८ महिने मिळाले आहेत म्हणून ते सगळे वापरलेच पाहिजेत असे नाही. २०२६ चा हंगाम संपताच, दिवाळीच्या सुमारास, त्या अर्जाचा निर्णय घ्यावा आणि नोझलच्या फॉर्म १८ चा निर्णयही त्याच बैठकीत करून टाकावा. दोन वेगळ्या तारखा लक्षात ठेवण्यापेक्षा एकच पक्की तारीख लक्षात ठेवणे वर्कशॉप चालवणाऱ्या माणसाला जमते.

फीबद्दल इथेच सांगून टाकतो. लघु उद्योगाची सवलतीची फी मिळण्यासाठी उद्यम नोंदणीच्या प्रमाणपत्रासह फॉर्म २८ लागतो. आपण अर्ज वैयक्तिक नावाने केला आहे की फर्मच्या, हे आपण लिहिलेले नाही. वैयक्तिक असेल तर व्यक्ती म्हणून तीच सवलत आपोआप लागू आहे. पुढे एखाद्या मोठ्या कंपनीच्या नावे अर्ज करून दिला तर आधी भरलेल्या फीमधला फरक भरावा लागतो, तो सौद्याच्या किमतीत धरावा.

आता फॉर्म २७, म्हणजे पेटंट भारतात प्रत्यक्ष वापरात आहे की नाही याचे निवेदन. इथे आपली धास्ती अनाठायी आहे. सुधारणेपूर्वी हे निवेदन दर आर्थिक वर्षासाठी द्यावे लागे; आता तीन आर्थिक वर्षांसाठी एकदा द्यावे लागते, आणि मोजणी पेटंट मंजूर झालेल्या आर्थिक वर्षाच्या पुढील वर्षापासून सुरू होते. वडिलांचे पेटंट नोव्हेंबर २०२२ मध्ये, म्हणजे २०२२-२३ या वर्षात मंजूर झाले. त्यामुळे पहिला तीन वर्षांचा गट २०२३-२४ ते २०२५-२६ हा होतो, आणि गट संपल्यापासून सहा महिन्यांत, म्हणजे ३० सप्टेंबर २०२६ पर्यंत, फॉर्म द्यायचा आहे. जुन्या नियमातही पहिला फॉर्म २०२३-२४ चाच असता आणि त्याची मुदत ३० सप्टेंबर २०२४ होती. तिच्या आधी सहा महिने सुधारणा आली. म्हणजे आपले काहीच थकलेले नाही.

फॉर्मही आता हलका झाला आहे. पेटंटमधून किती उत्पन्न मिळाले हा रकाना काढून टाकला आहे. वापर झाला की नाही, झाला नसल्यास का नाही, आणि पेटंट परवान्यासाठी उपलब्ध आहे का, एवढेच मुख्यतः विचारले जाते. फी नाही. काही कारणाने उशीर झाला तर फॉर्म ४ देऊन तीन महिन्यांपर्यंतचा विलंब माफ करून घेता येतो. मात्र फॉर्म सोपा झाला म्हणून तो विसरणेही सोपे झाले आहे, असा माझा अनुभव आहे. दरवर्षीचे काम अंगवळणी पडते, तीन वर्षांनी येणारे पडत नाही. आणि दंडाची तरतूद गेलेली नाही, तिचे रूप बदलले आहे. जनविश्वास अधिनियम, २०२३ मधील बदल १ ऑगस्ट २०२४ पासून पेटंट कायद्याला लागू झाले; माहिती न दिल्यास पूर्वी दहा लाखांपर्यंत असलेली रक्कम एक लाखापर्यंत आणि त्यानंतरही देत न राहिल्यास दररोज एक हजार रुपयांपर्यंत अशी झाली. खोटी माहिती दिल्याबद्दलची कैद गेली, पण तिथे आर्थिक दंड मोठा ठेवला आहे. पेटंट वडिलांच्या कपाटात पडून असेल आणि यंत्र कोणी बनवतच नसेल, तर ‘वापर झाला नाही’ असे खरे लिहावे व कारण द्यावे. न वापरलेले पेटंट म्हणजे गुन्हा नव्हे.

त्याच वेळी त्या पेटंटचे नूतनीकरण भरले जाते का तेही पाहून घ्यावे, कारण फॉर्म २७ न भरल्याने पेटंट जात नाही. नूतनीकरण न भरल्याने जाते. सुधारणेनंतर किमान चार वर्षांची नूतनीकरण फी ऑनलाइन आगाऊ भरल्यास १० टक्के सूट मिळते. पेटंट ठेवायचेच ठरले असेल तर ही सूट घ्यावी. दहा टक्क्यांपेक्षा मला तिचा दुसरा फायदा मोठा वाटतो: चार वर्षे एक तारीख लक्षात ठेवावी लागत नाही. ठेवायचे की नाही याबद्दल शंका असेल तर मात्र दरवर्षी भरलेले बरे.

फॉर्म ३ बद्दल आपण विचारलेले नाही, पण ३१ महिन्यांच्या पाठोपाठ तोही प्रश्न येईल. परदेशात अर्ज केला असल्यास त्याची माहिती या फॉर्ममध्ये देतात. पूर्वी प्रत्येक परदेशी अर्जानंतर सहा महिन्यांत तो पुन्हा भरावा लागे. आता अर्जाबरोबर किंवा त्यानंतर सहा महिन्यांत एकदा, आणि एफईआर निघाल्यापासून तीन महिन्यांत अद्ययावत माहिती, असा क्रम आहे. आपल्या दोन्ही अर्जांची बारा महिन्यांची परदेशी मुदत उलटून गेली आहे आणि आपण बाहेर अर्ज केलेला दिसत नाही, त्यामुळे आपल्याला यात विशेष काही करायचे नाही. मी तरी एफईआरनंतर ‘परदेशात अर्ज नाही’ अशी एक ओळ कळवून ठेवतो. एफईआरच्या उत्तराला सहा महिने असल्याने बहुतेकांचे लक्ष त्याच तारखेवर असते, आणि मधली तीन महिन्यांची तारीख निसटते.

प्रदर्शनाच्या बाबतीत मात्र थांबा. २०२४ च्या सुधारणेत फॉर्म ३१ आला आणि त्याद्वारे कलम ३१ खालील बारा महिन्यांची सवलत मागता येते, हे खरे आहे. पण सवलत नवी नाही, फक्त ती मागण्याचा फॉर्म नवा आहे. कलम ३१ पूर्वीपासून असेच सांगते की, ज्या प्रदर्शनाला केंद्र सरकारने राजपत्रात अधिसूचना काढून ही तरतूद लागू केली असेल, त्याच प्रदर्शनातील मांडणीला संरक्षण मिळेल. त्याखेरीज विद्वत्सभेपुढे वाचलेला शोधनिबंध वगैरे काही मोजके प्रसंग त्यात आहेत. मैदानावर मांडव घालून भरणारे कृषी प्रदर्शन किंवा वसाहतीतले औद्योगिक प्रदर्शन, ते कितीही मोठे असो आणि उद्घाटनाला मंत्री आलेले असोत, एवढ्याने त्यात बसत नाही. आपण यंत्र मांडले, भेट देणाऱ्यांनी त्याचे रोलर आणि चाळण्यांची रचना मोबाइलवर टिपली, आणि दोन महिन्यांनी अर्ज केला, तर आपलेच प्रदर्शन आपल्या अर्जाविरुद्ध पुरावा म्हणून उभे राहते.

मागे एक तरुण माझ्याकडे आला होता, त्याच्या फोनमध्ये स्वतःच्याच यंत्राचा साडेचार मिनिटांचा व्हिडिओ होता. आवरण काढलेले, आतली साखळी आणि वेग बदलणारे दाते अगदी जवळून दाखवलेले, वर त्याच्याच आवाजात ‘हे आपलं वैशिष्ट्य’ असे समजावणे. तो सात महिन्यांपूर्वी त्याने स्वतःच सगळ्यांसाठी खुला टाकला होता. मुख्य दाव्यात जे लिहायचे ते सगळे त्या व्हिडिओत होते. शेवटी आम्ही व्हिडिओत न दिसणाऱ्या एका सुधारणेवर अर्ज केला, आणि तो अर्थातच पुष्कळ अरुंद झाला.

तेव्हा प्रतवारी यंत्राचा प्रोव्हिजनल अर्ज प्रदर्शनाच्या आधी करावा. अर्जाची फी व्यक्ती किंवा लघु उद्योगासाठी ऑनलाइन १,६०० रुपये आहे, ती तीस पाने आणि दहा दाव्यांपर्यंत. यंत्राचे रेखाचित्र आणि ते कसे काम करते याचे नीट वर्णन तयार असेल तर हे काम आठवड्याभरात होते. आपल्या प्रोव्हिजनलमध्ये जेवढे लिहिले असेल तेवढ्यालाच ती तारीख मिळते, त्यामुळे दोन ओळींचा प्रोव्हिजनल करून निर्धास्त राहू नये. प्रदर्शनाआधी एखाद्या शेतकऱ्याच्या खळ्यावर चाचणी घ्यायची असेल तर कलम ३२ वाजवी चाचणीला काही प्रमाणात आश्रय देते, पण ती चाचणीच असली पाहिजे, विक्री नव्हे. आणि त्या शेतकऱ्याकडून गोपनीयतेचा एक साधा कागद सही करून घेतलेला बरा. ओळखीत असे कागद मागायला संकोच वाटतो, हे मला ठाऊक आहे. तरी घ्यावा.

प्रतवारी यंत्राला अर्थातच नवे ३१ महिने लागू होतील. प्रदर्शनामुळे घाईने प्रोव्हिजनल करावे लागले तर तारीख हंगामाशी जुळेलच असे नाही; तिथे हंगामापेक्षा प्रदर्शनाला महत्त्व द्यावे, कारण उघड झालेली गोष्ट परत झाकता येत नाही.

मंजुरीआधी कोणी विरोध दाखल केल्यास काय, असा प्रश्न पुढेमागे उभा राहू शकतो. या विरोधाला आता फी लागते, तो दखल घेण्याजोगा आहे का हे कंट्रोलर आधी पाहतो, आणि अर्जदाराला उत्तरासाठी तीनऐवजी दोनच महिने मिळतात. आपल्यावर तशी वेळ आली तर कागद हातात पडताच सांगावे, तिसऱ्या आठवड्यात नव्हे.

शेवटी एक तपासणी आपण आजच करू शकता. मी या व्यवसायात आलो तेव्हा पंचवटी एक्स्प्रेसने मुंबईला जाऊन, अँटॉप हिलच्या कार्यालयात कागद देऊन, पोचेवर तारखेचा शिक्का घेऊन संध्याकाळच्या गाडीने परत यायचे असा रिवाज होता. आता सगळे ऑनलाइन आहे आणि एफईआर ई-मेलने येतो. सातपूरच्या एका उद्योजकाने काही वर्षांपूर्वी स्वतःच अर्ज केला होता आणि संगणकाचे काम पुतण्या पाहत असल्याने पत्ता म्हणून पुतण्याचा ई-मेल दिला होता. पुतण्या शिक्षणासाठी कॅनडाला गेला आणि तो जुना ई-मेल उघडेनासा झाला. एफईआर त्यातच पडून राहिला. उत्तराची सहा महिन्यांची मुदत गेली, आणि वाढीव तीन महिन्यांसाठीचा अर्ज त्या सहा महिन्यांच्या आतच करायचा असतो, तोही झाला नाही. ते माझ्याकडे आले तेव्हा आठवा महिना चालू होता आणि अर्ज सोडून दिल्याची नोंद झालेली होती. अर्जदाराचा तसा हेतू नव्हता हे पटल्यावर उच्च न्यायालयाने अर्ज पुन्हा जिवंत केल्याची उदाहरणे आहेत, परंतु त्यांच्या यंत्राच्या किमतीपेक्षा त्या मार्गाचा खर्च अधिक झाला असता, म्हणून त्यांनी तो सोडला.

आपल्या दोन्ही अर्जांच्या नोंदीत कोणाचा ई-मेल आणि कोणाचा मोबाइल क्रमांक आहे तो पेटंट कार्यालयाच्या संकेतस्थळावर पाहून घ्या. तिथे जुन्या अकाउंटंटचा किंवा नोकरी सोडून गेलेल्या कोणाचा ई-मेल निघाला, तर फॉर्म १३ देऊन तो लगेच बदलून घ्या. वडिलांच्या पेटंटचीही नोंद त्याच वेळी उघडून बघा, कारण २०२२ मध्ये दिलेला पत्ता बहुधा आजचा नसेल.